गाव मागे राहिलं, रेइपास सोबत आलं

पहिला दिवस : हेलसिंकी

पुतण्या फिनलंडला नोकरीला लागल्यापासून त्याचं एकच पालुपद होतं, "काका, एकदा येऊन जा." मी कराडजवळच्या शाळेत आयुष्यभर पी.टी. शिकवली. निवृत्त झालो आणि २०२५ च्या जूनमध्ये एकदाचा निघालो. निघण्याआधीच त्याला बजावलं होतं, की मला दोन ठिकाणं बघायची आहेत. खाशाबा जाधवांनी कुस्ती मारली ती जागा पहिली. दुसरं लाहती, म्हणजे रेइपास या फुटबॉल क्लबचं गाव.

खाशाबांचं त्याला पटलं. रेइपासचं समजेना. त्याला सांगितलं, की १९९५ साली नेदरलँड्सचा आयॅक्स क्लब युरोपचा विजेता झाला, तेव्हा त्या संघात दहा नंबरची जर्सी घालणारा यारी लितमानेन नावाचा फिनिश खेळाडू होता. चेंडू पायाशी आला की आजूबाजूची घाई थांबल्यासारखी वाटायची, असा त्याचा खेळ. हा कुठला, कोणाच्या हाताखाली तयार झाला, हे शोधता शोधता रेइपास सापडलं. आणि रेइपासची गोष्ट वाचली तेव्हा लितमानेन बाजूला राहिला. सोव्हिएत युनियनच्या ताब्यात गेलेलं आपलं वीपुरी शहर सोडून एक अख्खा क्लब दुसऱ्या गावात येऊन वसला होता. आमचं मूळ गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. अशा गोष्टी मला वाचून बाजूला ठेवता येत नाहीत.

सामान घरी टाकून दुपारीच तोलो भागात गेलो. पूर्वीचं मेस्सुहल्ली म्हणजे आताचं क्रीडा सभागृह. आत आजही पोरं खेळतात. २३ जुलै १९५२ रोजी याच इमारतीत खाशाबांनी बॅंटमवेटमध्ये कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर सात हजारांना गहाण ठेवलं होतं. खाशाबांचं गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पदक घेऊन परतल्यावर निघालेल्या बैलगाड्यांच्या मिरवणुकीच्या गोष्टी लहानपणी ज्यांनी ती पाहिली त्यांच्याच तोंडून ऐकल्या. दारात चपला काढून आत गेलो. पुतण्या काही बोलला नाही, त्यानेही बूट काढले.

तिथून ऑलिंपिक स्टेडियम चालत काही मिनिटांवर आहे. १९४० च्या ऑलिंपिकसाठी ते १९३८ सालीच बांधून तयार झालं होतं, पण युद्ध आलं आणि स्पर्धा झाल्या त्या थेट १९५२ मध्ये. मनोऱ्याची उंची ७२.७१ मीटर, म्हणजे १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मात्ती यार्विनेनने सुवर्णपदकासाठी जेवढा लांब भाला फेकला तेवढी. शेजारीच तोलोचं फुटबॉल मैदान. इथे १५ जुलै १९५२ रोजी भारत युगोस्लाव्हियाकडून १–१० असा हरला. आपले काही खेळाडू अनवाणी खेळले होते. अखेरच्या क्षणी अहमद खान यांनी केलेला तो एक गोल तेवढा आपल्या नावावर. त्यानंतरच आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. हा पराभव मी शाळेत दरवर्षी सांगायचो, कारण मुलांना बूट का घालायचे हे त्याहून चांगलं कोणी समजावू शकत नाही.

पण लाहतीच्या दृष्टीने ऑलिंपिक स्टेडियमची तारीख वेगळीच आहे, १९ मार्च १९८६. त्याबद्दल तिसऱ्या दिवशी लिहितो.

दुसरा दिवस : लाहती, किसापुइस्तो

हेलसिंकीहून लाहती साधारण शंभर किलोमीटर. २००६ साली थेट लोहमार्ग झाल्यापासून तासाभरात पोहोचता येतं. खिडकीबाहेर बर्चची झाडं, मधूनच पिवळं शेत, लाल रंगाची लाकडी घरं. लाहती या शब्दाचा अर्थ पाण्याचं आत शिरलेलं टोक, खाडीसारखं. गाव वेसियार्वी तलावाच्या अशाच एका टोकाशी आहे. शहराचा दर्जा मिळाला १९०५ साली, त्यामुळे जुनं काही बघायचं म्हणून कोणी इथे येत नाही. गावाच्या डोक्यावर टेकडीवर उभे असलेले रेडिओचे दोन मनोरे मात्र दुरूनच दिसतात. प्रत्येकी १५० मीटर, १९२० च्या दशकातले. एके काळी युरोपातल्या रेडिओंच्या तबकड्यांवर लाहतीचं नाव छापलेलं असायचं ते यांच्यामुळे.

स्टेशनवर पुतण्याचा सहकारी आम्हाला घ्यायला आला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. मूळचा लाहतीचा, वडील अजून इथेच राहतात. मी रेइपासबद्दल विचारतोय हे ऐकून त्याने आधी वडिलांना फोन केला आणि मग आम्हाला होकार कळवला. "वडील म्हणाले, दोन दिवसांनी या. आधी मैदान बघून या म्हणाले."

मग किसापुइस्तोला गेलो. शब्दशः अर्थ क्रीडा उद्यान. १९५२ च्या ऑलिंपिकमधल्या फुटबॉलचे काही सामने हेलसिंकीबाहेर झाले, त्यातलं हे एक मैदान. इथेच १६ जुलैला लक्झेंबर्गने जादा वेळेत ग्रेट ब्रिटनला ५–३ असं हरवलं. ज्यांनी जगाला हा खेळ दिला त्यांना चिमुकल्या लक्झेंबर्गने घरी पाठवलं. एवढ्या मोठ्या गोष्टीची साक्षीदार जागा, पण आवाज म्हणाल तर कडेच्या झाडांतल्या पाखरांचा आणि एका म्हाताऱ्याच्या सायकलच्या घंटेचा.

इथेच लितमानेनचा पुतळा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये बसवला, आणि तेव्हा तो अजून खेळत होता. जिवंतपणी, खेळत्या वयात आपल्याच गावात पुतळा होणं हे किती जणांच्या वाट्याला येतं? जन्म याच गावातला, २० फेब्रुवारी १९७१. वडील ओलावी लितमानेन रेइपासकडून खेळले आणि देशाकडूनही. आई लीसा हीसुद्धा रेइपासचीच खेळाडू. म्हणजे पोराला बाळकडूच फुटबॉलचं. सोळाव्या वर्षी, १९८७ साली तो रेइपासच्या मोठ्या संघात आला. १९९१ ला हेलसिंकीच्या एचजेके क्लबात, पुढच्या वर्षी मिपा क्लबाकडे, आणि तिथून आयॅक्सला. १९९५ च्या बॅलन डी'ऑर या फुटबॉलमधल्या मानाच्या पुरस्कारात तिसरा. देशासाठी १३७ सामने, ३२ गोल, आणि ही कारकीर्द १९८९ पासून २०१० पर्यंत, म्हणजे चार दशकांना स्पर्श करणारी.

मला त्याच्या आकड्यांपेक्षा त्याचं परत येणं जास्त भिडतं. बार्सिलोना, लिव्हरपूल सगळं झाल्यावर तो २००४ मध्ये लाहतीत आला, नंतर पुन्हा २००८ ते २०१० खेळला. पण तोवर रेइपासचा मोठा संघ उरलाच नव्हता. तो आला तो एफसी लाहती नावाच्या संघात. आणि ज्या शरद ऋतूत त्याचा पुतळा उभा राहिला, त्याच हंगामात तो संघ वरच्या श्रेणीतून खाली घसरला. पुतळ्याच्या चौथऱ्यावर कुणा पोराची पाण्याची बाटली आणि शिनगार्डची जोडी ठेवलेली होती. शेजारच्या गवतावर सराव चालला होता. मुलांच्या अंगात नारिंगी आणि काळे कपडे. हे रेइपासचे रंग. मोठा संघ गेला, तरी लहान मुलांचा रेइपास आजही चालू आहे, हे वाचून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिल्यावर वेगळंच वाटलं. मी कुंपणाला धरून तासभर उभा राहिलो. प्रशिक्षिका एका मुलीला चेंडू थांबवताना पाऊल कसं सैल सोडायचं ते पुन्हा पुन्हा दाखवत होती. कडक पायावर आदळून चेंडू दूर जातो, सैल पाय त्याला झेलतो. ओरडणं नाही, शिट्टी नाही. सातव्यांदा चेंडू पायाशीच थांबला आणि त्या पोरीने वर बघितलं. मला तिथल्या तिथे टाळी वाजवावीशी वाटली, आणि वाजवलीही.

तिसरा दिवस : स्कीच्या उताराखालचं फुटबॉल

सकाळी सालपाउसेल्काला गेलो. हिमयुगात हिमनदीने मागे सोडलेला वाळू-गोट्यांचा लांबच लांब कडा, त्यावर स्की-उडीचे तीन उतार. लाहतीत सात वेळा नॉर्डिक स्कीइंगच्या जागतिक स्पर्धा झाल्या, पहिली १९२६ ला आणि शेवटची २०१७ ला. गाव स्कीचं, फुटबॉल धाकट्या भावासारखं. गंमत म्हणजे फुटबॉलचं मोठं स्टेडियमही या उतारांच्याच पायथ्याशी आहे. हिवाळ्यात जिथे स्कीवाले शर्यत संपवतात तिथेच उन्हाळ्यात हिरवळ. मोठ्या उताराच्या तळाशी उन्हाळ्यात पोहण्याचा तलाव भरतात. उडी मारणारे जिथे बर्फावर उतरतात तिथे जूनमध्ये लहान मुलं पाण्यात उड्या मारतात. आमच्या मुक्कामात एफसी लाहतीचा सामना जुळून आला नाही. २०२४ च्या अखेरीस संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत गेला होता.

उताराच्या पायऱ्यांवर बसून सहकाऱ्याने कूसुसीची, म्हणजे लाहतीतल्या दुसऱ्या फुटबॉल क्लबची गोष्ट सांगितली, कारण तो लहानपणापासून कूसुसीचा. वडील रेइपासचे, मुलगा कूसुसीचा. त्याच्याकडून ऐकलं तेव्हा कळलं, की गाव कसं दोन भागांत होतं.

कूसुसीचं मूळ १९३४ चं, लाहती पाल्लोमिएहेत या नावाने. पुढे गावातल्या उपो कंपनीच्या नावाने उपोन पाल्लो झालं. मग आलं लाहती-६९, आणि लोकांच्या बोलण्यातलं 'सहा-नऊ' म्हणजे कूसुसी, तेच शेवटी नाव झालं. रेइपासने शहर गमावलं तरी नाव सोडलं नाही. यांनी एकाच गावात राहून नाव तीन वेळा बदललं. १९८२ साली कूसुसी वरच्या श्रेणीत आलं आणि पहिल्याच हंगामात विजेतं झालं. मग १९८४, १९८६, १९८९, १९९१. दहा वर्षांत पाच विजेतेपदं.

पण खरी गोष्ट १९८५-८६ च्या युरोपियन कपची. पहिल्या फेरीत साराजेव्हो, दोन्ही लढती २–१. दुसऱ्या फेरीत लेनिनग्राडचा झेनित. तिकडे १–२ अशी हार, परतीच्या लढतीत फिनलंडमध्ये जादा वेळेत ३–१. "लेनिनग्राडचा रस्ता वीपुरीवरून जातो," सहकारी म्हणाला. एवढंच म्हणून तो थांबला. त्या विजयाच्या रात्री त्याचे रेइपासवाले वडीलसुद्धा कूसुसीसाठी उठून उभे राहिले होते.

उपांत्यपूर्व फेरीत स्टेआउआ बुखारेस्ट. तिकडे ०–०. परतीची लढत हेलसिंकीच्या त्या ऑलिंपिक स्टेडियमवर, १९ मार्च १९८६. तीस हजारांहून जास्त लोक. फिनलंडच्या मार्चमध्ये, जेव्हा आपल्याकडे होळी जवळ आलेली असते तेव्हा तिथे अजून हिवाळाच असतो. सामना संपायला चार-पाच मिनिटं असताना पित्सुर्काने गोल केला. ०–१. त्याच स्टेआउआने मे महिन्यात सेव्हिलमध्ये बार्सिलोनाला पेनल्टीवर हरवून करंडक घेतला, त्यांच्या गोलरक्षकाने चारही पेनल्टी अडवून. म्हणजे युरोपच्या त्या वर्षीच्या विजेत्याला लाहतीने १७५ मिनिटं एकही गोल करू दिला नव्हता. हे सांगताना त्या कमी बोलणाऱ्या माणसाने हातातली काठी वाळूत रोवली आणि शेवटच्या गोलाच्या वेळी कोण कुठे उभा होता ते रेघा मारून दाखवलं. तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

संध्याकाळी अल्वार आल्टोने रचलेलं क्रूसाचं चर्च बाहेरून पाहिलं, आणि तलावाकाठचा लाकडी सिबेलियस हॉल. इथल्या शहर वाद्यवृंदाची परंपराही वीपुरीतल्या वाद्यवृंदाशी जोडलेली आहे. त्या शहरातून माणसं फक्त क्लब घेऊन आली नाहीत.

चौथा दिवस : आजोबांचं घर

सहकाऱ्याच्या वडिलांचं, म्हणजे आजोबांचं घर गावाच्या कडेला. दारात लायलॅक फुललेला, पायपुसण्यापाशी काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा एक जुना मफलर दाराच्या कडीला गुंडाळलेला. मी वाकून नमस्कार केला तसे ते गोंधळले, मग त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. वय ८७. बोलणं फिनिशमध्ये, मुलगा इंग्रजीत सांगायचा, पुतण्या मराठीत. वेळ लागत होता, पण आजोबांना घाई नव्हती.

वीपुरी म्हणजे युद्धापूर्वीच्या फिनलंडमधल्या मोठ्या शहरांपैकी एक, करेलियाची राजधानीच म्हणा ना. रेइपासची स्थापना तिथे १८९१ साली झाली, व्यायाम आणि जिम्नॅस्टिक्सचा क्लब म्हणून. रेइपास म्हणजे तरतरीत, उत्साही. फुटबॉल, बर्फावरचे खेळ हे सगळं नंतर त्यात आलं. आपल्याकडे जशी तालीम असते, आधी मेहनत आणि मग खेळ, तसंच.

३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत हल्ला झाला. मार्च १९४० मध्ये तह झाला आणि त्यात वीपुरी फिनलंडच्या हातातून गेलं. १९४१ च्या ऑगस्टअखेर फिनिश सैन्याने ते परत घेतलं, लोक परत आले, पडकी घरं सारवायला लागले. २० जून १९४४ ला शहर पुन्हा गेलं, ते कायमचं. चार लाखांहून जास्त लोक, देशाच्या लोकसंख्येच्या साधारण आठव्या हिश्शाएवढे, करेलिया सोडून आत आले. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे. त्यांना रेल्वेचा डबा आठवतो, आणि आईच्या मांडीवरची बोचकी. त्या बोचक्यात एक लाटणं होतं.

ते लाटणं त्यांनी स्वयंपाकघरातून आणून माझ्या हातात दिलं. आपल्या लाटण्यापेक्षा बारीक, दोन्ही टोकांना निमुळतं, मधला भाग हाताने गुळगुळीत झालेला. यावर करेलियन पीराक्का लाटतात. राईच्या पिठाची पातळ पोळी, आत भाताची खीर, आणि कडा चिमटीने मुरडून होडीसारखा आकार. सुनेने माझ्यासमोर दोन करून दाखवल्या. तिची बोटं ज्या लयीत कडा दुमडत होती, ती मुरड आमची आई दिवाळीत करंजीला घालायची ती. अंगठा पुढे, तर्जनी मागे. मी माझ्या बोटांनी हवेत तसंच करून दाखवलं. सुनेने हसून एक पारी माझ्यापुढे सरकवली. माझी मुरड तिच्यापेक्षा जाड झाली, पण सुटली नाही. गरम पीराक्का उकडलेल्या अंड्याचं लोणी लावून खाल्ल्या.

युद्धानंतर रेइपास लाहतीत आलं. बराच काळ नावातलं वीपुरी तसंच राहिलं. लाहतीत राहणारा, लाहतीत खेळणारा वीपुरीचा क्लब. आजोबा सांगत होते, की वडिलांना रविवारी सामन्याला जायचं म्हणजे खेळापेक्षा माणसं भेटायची ओढ असायची. कोण कुठे वसलं, कोणाला कुठे जमीन मिळाली, कोणाची मुलगी कोणाला दिली, हे सगळं मैदानाच्या कडेला कळायचं. १९४५ साली सरकारने कायदा करून विस्थापितांना जमिनी दिल्या होत्या, पण शेजार काही कायद्याने मिळत नाही. शेजार मिळाला तो रेइपासच्या दोरीपलीकडे उभं राहून.

मी त्यांना आमच्या गावाचं सांगितलं. धरण झालं, पाणी चढलं, भावकी तीन जिल्ह्यांत विखुरली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो, लोक होडीने जाऊन नारळ फोडतात. आजोबांनी विचारलं, "तुमच्या गावाचा खेळ होता का?" होता. तालीम होती. तालमीची लाल माती माझ्या आजोबांनी पोत्यात भरून नव्या गावठाणात आणली होती, असं वडील सांगायचे. त्यांनी हे ऐकून मुलाला काहीतरी लांबलचक सांगितलं. मुलगा म्हणाला, "वडील म्हणतात, रेइपासवाल्यांना माती आणता आली नाही."

मग त्यांनी वही काढली. मोठी, पुठ्ठ्याची, वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवलेली. खळीने चिकटवल्यामुळे पानं कडक झालेली, उलटताना करकरत होती. १९६३ : रेइपासचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद, आणि तोवर नावात लाहती आलेलं. कात्रणाच्या कडेला त्यांच्या वडिलांनी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता, वीपुरी. १९६४ : करंडक. १९६७ आणि १९७० : पुन्हा विजेतेपद. मग १९७२, ७३, ७४, ७५, ७६, सलग पाच वर्षं करंडक. प्रत्येक वर्षाचं पान वेगळं. १९७७ चं पान कोरं, कारण तो करंडक वाल्केआकोस्कीच्या हाका क्लबने नेला. १९७८ ला परत रेइपास. कोरं पान त्यांनी फाडलं नाही की त्यावर दुसरं काही चिकटवलं नाही, तसंच ठेवलं.

एका पानावर १९७५ ची वेस्ट हॅमविरुद्धची लढत. करंडक विजेत्यांच्या युरोपियन स्पर्धेत लाहतीने इंग्लंडच्या वेस्ट हॅमला २–२ बरोबरीत रोखलं. परतीच्या सामन्यात लंडनला ०–३ हरले, आणि वेस्ट हॅम त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेलं. आजोबांना त्या २–२ मधल्या दोन्ही गोलांची चाल तोंडपाठ होती. टेबलावरच्या साखरेच्या भांड्याला वळसा घालून त्यांनी चमच्याने ती दाखवली.

वही १९९६ ला थांबते. तोवर रेइपास दुसऱ्या श्रेणीत, कूसुसीही पैशांच्या ओढाताणीत. दोन्ही क्लबांचे मोठे संघ एकत्र करून एफसी लाहती झाला. १९९९ पासून तो वरच्या श्रेणीत खेळू लागला, २००७ साली लीग कप जिंकला, २००८ आणि २०१४ ला तिसरा आला. शहाण्या माणसांनी विचार करून केलेली गोष्ट होती ती, आणि एका गावात दोन संघ पोसणं झेपत नव्हतं हेही खरं. पण विलीनीकरण झालं की हिशेब जुळतो आणि माणसं अडखळतात. आजोबांच्या घरात १९४० नंतर पहिल्यांदाच रेइपासविना हंगाम सुरू झाला. मुलाच्या हातातून कूसुसीही गेलं. त्या वर्षी बापलेक पहिल्यांदा एकाच बाजूला उभे राहिले, आणि बराच काळ दोघांपैकी कोणीच स्टेडियमवर गेलं नाही. परत गेले ते २००४ मध्ये, लितमानेन आला तेव्हा.

संध्याकाळी सगळे मिळून किसापुइस्तोला गेलो. आजोबांची पणती रेइपासच्या मुलींच्या संघात आहे. पुतळ्यापाशी ज्या मुलीने सातव्यांदा चेंडू थांबवला होता ती हीच निघाली. सरावाआधी ती बाकावर येऊन बसली, नारिंगी मोजे वर ओढले. मी पुतण्याकरवी तिला विचारलं, "रेइपास कुठला क्लब?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला.

"लाहतीचा."

आम्ही सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. ते थोडे हसले. "बरोबर आहे," म्हणाले, आणि सावकाश वाकून तिच्या बुटाची सुटलेली लेस बांधायला लागले. दुहेरी गाठ मारली आणि बोटाने दोनदा दाबून बघितली.

पाचवा दिवस : फलाट

सकाळची गाडी. सहकारी सोडायला आला. या फलाटावरून २०२२ च्या मार्चपर्यंत आलेग्रो नावाची गाडी हेलसिंकीहून सेंट पीटर्सबर्गला जायची, लाहतीत थांबायची आणि पुढे वीपुरीतही. इथून वीपुरी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. युक्रेनचं युद्ध सुरू झालं, गाडी बंद पडली, २०२३ च्या अखेरीस जमिनीवरची सीमाही बंद झाली. आजोबा त्या गाडीने दोनदा जाऊन आले होते. पहिल्या खेपेला घराची जागा सापडली नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी ती शोधलीच नाही, किल्ल्याजवळच्या पाण्यापाशी बसून घरून नेलेल्या पीराक्का खाल्ल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले.

आमची गाडी आली. सुनेने कागदी पिशवीत बांधाबांध करून दिलं होतं. गाडी सुटल्यावर पुतण्याने पिशवी उघडली. सहा पीराक्का होत्या. पाच एकसारख्या, सहावीची मुरड जाड.